पश्चिमेकडे तोंड असलेल्या छोट्या प्लॉटवर कार्यालय : ऊन कसे अडवावे?

प्रश्न : नाशिकमध्ये दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर पंधरा जणांसाठी तळमजला अधिक एक अशी इमारत बांधायची आहे. रस्ता पश्चिमेला असल्यामुळे दर्शनी बाजूस पूर्ण काच लावावी असा भागीदारांचा आग्रह आहे. परंतु एसीचे बिल आवाक्यात राहावे, अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : काचेचा आग्रह कृपया सोडून द्यावा. दक्षिणेचे ऊन डोक्यावरून येत असल्याने दोन फुटी छज्जा ते बऱ्यापैकी अडवतो, मात्र दुपारी चारनंतर पश्चिमेचे ऊन इतके तिरपे येते की आडवा छज्जा तेथे निरुपयोगी ठरतो. म्हणून जिना, स्वच्छतागृह आणि पँट्री पश्चिमेला घ्यावी व कामाची टेबले उत्तरेच्या खिडक्यांलगत मांडावीत.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे. भिंतींसाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत पाहावी : विटा उभ्या कडेवर रचल्याने नऊ इंची भिंतीत पोकळी राहते, उष्णता उशिरा आत येते आणि सुमारे पाव विटा वाचतात. गवंडी मात्र ही रचना जाणणारा हवा, नाहीतर पोकळीत मसाला भरला जातो आणि सगळेच मुसळ केरात.

उत्तर ३ : गच्चीचा विचार आधी करावा. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. पाण्याची टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवल्यास तिची सावली पॅनेलवर पडणार नाही.