मदत हवी आहे: बफर शून्य केला तरी डंपमध्ये पासवर्ड दिसतोय

घाईतला_गडी: सी शार्पमधून एका जुन्या सी डीएलएलला पासवर्ड द्यायचा असतो. अनमॅनेज्ड बफर (डॉटनेट स्वतः सांभाळत नाही अशी मेमरी) घेतो, काम झालं की शून्य करून सोडतो. तरी प्रोसेस डंपमध्ये (चालू प्रोग्रामच्या मेमरीची फाइलमध्ये घेतलेली प्रत) पासवर्ड सापडतोच. उद्या ऑडिट आहे, लवकर सांगा.

चहाबाज: जीसी.कलेक्ट मारून बघ, म्हणजे गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याला) हाक.

खटपट्या: चहाबाज, ती मेमरी जीसीच्या हद्दीतच नाही! घाईतले, क्रिप्टोग्राफिकऑपरेशन्स.झीरोमेमरी वापरा. कंपायलर ते अनावश्यक समजून उडवत नाही.

घाईतला_गडी: कंपाइलच होत नाही.

खटपट्या: डॉटनेट कुठलं?

घाईतला_गडी: फ्रेमवर्क ४.८. अजून कुठलं असणार?

खटपट्या: अहो, मग आधी सांगायचं ना! ते डॉटनेट कोअर २.१ पासून आलं.

संत्रानगरी: विंडोजच्या कर्नल३२ डीएलएलमधून सिक्युअरझीरोमेमरी इम्पोर्ट कर ना बे.

घाईतला_गडी: केलं. एंट्रीपॉइंटनॉटफाउंड.

खटपट्या: येणारच. ते हेडरमधलं इनलाइन फंक्शन आहे, कंपाइल होताना वापरणाऱ्याच्याच कोडमध्ये मिसळतं, डीएलएलमध्ये त्या नावाचं काही नसतं.

जावाप्रेमी: आमच्या जावात अलोकेटडायरेक्टचा बफर शून्य होऊनच मिळतो.

खटपट्या: त्याला घेताना नाही, सोडताना शून्य हवाय. धागा वाचत चला राव.

मीरा_के: पासवर्ड पूर्ण दिसतो की अर्धा? बफर कसा घेता आणि कसा पुसता, त्या ओळी टाका.

घाईतला_गडी: शेवटची ६ अक्षरं दिसतात, पासवर्ड १२ चा. स्ट्रिंगटूएचग्लोबलयुनिने घेतो, ते स्ट्रिंगची प्रत अनमॅनेज्ड मेमरीत करतं. ० पासून पासवर्ड.लेंग्थपर्यंत लूप, आत मार्शल.राइटबाइटने एकेका बाइटवर ०. मग फ्रीएचग्लोबलने मेमरी सोडतो.

मीरा_के: युनि म्हणजे युटीएफ-१६, यातल्या प्रत्येक अक्षराला २ बाइट. २४ पुसायचे तिथे तुम्ही १२ पुसताय. लेंग्थ गुणिले २ करा. आणि हे सगळं फायनलीमध्ये घाला, नाहीतर मध्येच एक्सेप्शन आलं की पुसायचं राहून जाईल.

घाईतला_गडी: केलं, ती अक्षरं गेली! पण आता नीट शोधलं तर दुसरीकडे अख्खा पासवर्ड आहे.

मीरा_के: ती तुमची मूळ स्ट्रिंग. तिच्यात बदल करता येत नाही, म्हणून ती पुसताही येत नाही. कॅरॅक्टर अ‍ॅरे घ्या आणि भरण्याआधी जीसीहँडलने पिन करा, म्हणजे एका जागी खिळवा. नाहीतर जीसी अ‍ॅरे हलवतो आणि जुनी प्रत मागे राहते.

चहाबाज: म्हणजे जीसीचा संबंध निघालाच की!

खटपट्या: कलेक्टने पुसलं जात नाही, मालक.

घाईतला_गडी: भांडणं नंतर. पासवर्ड विनफॉर्म्सच्या टेक्स्टबॉक्समधून येतो, तो तर स्ट्रिंगच देतो. मग?

मीरा_के: हे पहिल्या पोस्टमध्ये का नव्हतं?