बदली टॉर्च येईपर्यंतची सोय

टॉर्च वॉरंटीत दुरुस्तीला गेली, आता तिचा १८६५० सेल (१८ मिमी जाडीचा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल) दुसऱ्या टॉर्चमध्ये चालेल का, असं एकाने विचारलंय. चालेल, पण आधी लांबी बघा. साधा सेल ६५ मिमीचा असतो. संरक्षक सर्किटवाला, म्हणजे शॉर्ट किंवा जास्त चार्ज झाल्यास प्रवाह तोडणारं छोटं सर्किट बसवलेला, ६८ ते ७० मिमीपर्यंत जातो. असा लांब सेल आखूड नळीत घालून टोपी जोराने आवळली तर स्प्रिंग चेपते, सेलच्या टोकावरचं सर्किटही तुटू शकतं. उलट, आखूड सेल लांब नळीत हलला की प्रकाश लुकलुकतो. वेष्टण फाटलेला सेल मात्र अजिबात वापरू नका. त्याचा बाहेरचा अख्खा डबा म्हणजे ऋण टोक, त्यामुळे शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

सेल वापरणार नसाल तर ३.६ ते ३.८ व्होल्टवर ठेवा. ४.२ पर्यंत भरून आठवडेच्या आठवडे ठेवला की क्षमता लवकर घटते.

तात्पुरती टॉर्च म्हणून मी डबल-ए (पेन्सिल) सेलवालीच सुचवेन, तीही निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घालून. अल्कलाइन सेल आत राहिले तर गळतात आणि पट्ट्या गंजतात. प्रकाश बोचरा वाटला तर झोत पांढऱ्या छतावर टाका, खोलीभर पसरतो.

ज्यांनी बिघडलेली टॉर्च अजून वॉरंटीत पाठवली नाही आणि जिचा स्विच मागच्या टोपीत आहे, त्यांनी एक तपासणी जरूर करा. टोपी काढा, आटे आणि नळीची उघडी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग ती कड आणि सेलचं ऋण टोक तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडा. दिवा लागला तर दोष टोपीतच आहे. अशा वेळी कंपनीकडे फक्त टोपी मागून बघा.