प्रतिसाद: टेगेलच्या कोठडीतील नाताळ
घरात आजारपण आणि बाहेर युद्धाच्या बातम्या असताना नाताळ साजरा करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय, असे वरच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. त्यामागची व्यथा खरी आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली आणि त्या वर्षीचा नाताळ त्यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला. ज्या बाळ येशूला उतारशाळेत, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी, जागा मिळाली नाही, त्याच्या जन्माचा अर्थ कैद्याला इतरांपेक्षा अधिक चांगला उमगतो, अशा आशयाचे पत्र त्यांनी तेथून आईवडिलांना लिहिले.

ते एवढ्यावर थांबले नाहीत, आणि मला हेच अधिक मोलाचे वाटते. सोबतच्या कैद्यांसाठी त्यांनी त्या नाताळात सकाळची, संध्याकाळची आणि संकटसमयीची अशा प्रार्थना लिहून दिल्या, ज्यांत आपल्या मनात अंधार आहे आणि आपण एकटे आहोत, याची कबुली देवापुढे सरळ शब्दांत दिलेली आहे. परिस्थिती पुढे सुधारली नाही. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. तरीही बॉम्बवर्षावाने भेदरलेल्या माणसांना धीर देण्याचे काम त्यांना त्या तुरुंगातच सापडले होते.