विधानभवन नागपुरात, मग विदर्भ देश का नाही?

धरमपेठ_पालक: सहावीतल्या मुलीचा प्रश्न. लोक, जमीन, विधानभवन, सगळं आहे. काय सांगावं?

नागरिकशास्त्र_सर: 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राज्यसंस्थेच्या चार अटी आहेत: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. घोडं अडतं ते चौथीवर. महाराष्ट्र स्वतःहून नेपाळशी तह करू शकत नाही. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन केंद्राकडे. आकाराचा मात्र संबंध नाही, व्हॅटिकन अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. आणि राजधानी म्हणाल तर नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची होतीच, तेव्हाही देश नव्हतं.

संत्रानगरी: तैवान विसरू नका. चारही गोष्टी बऱ्यापैकी आहेत, पण संयुक्त राष्ट्रांत जागा नाही. मान्यता हे वेगळंच राजकारण.

नागरिकशास्त्र_सर: बरोबर, पण सहावीला ते नंतर. आधी शहरातूनच दाखवा: कचरागाडी महापालिकेची, पोलीस राज्याचे, पासपोर्ट आणि रेल्वे केंद्राची. मुलं हमखास चुकतात ती पोलिसांवर; चौकातला वाहतूक हवालदार त्यांना महापालिकेचा वाटतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची, म्हणजे राज्याच्या विषयांची यादी, उघडा, पोलीस दुसऱ्याच नोंदीत सापडतील.

धरमपेठ_पालक: आणि शाळा?

संत्रानगरी: शिक्षण 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेलं. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करतात. भांडण झालं तर सहसा केंद्राचाच चालतो.