‘समस्त परिवार’ ग्रुप : पाण्यावरच्या बंगल्याच्या दोन रात्री

मंदाआत्या (ठाणे), रात्री ९:१२
सर्वांना नमस्कार. ओंकार आणि मुग्धा यांच्या आहेराचा विषय मिटला असे समजून मी गेले आठ दिवस गप्प होते. परंतु आज दुपारी त्यांचे तिकीट नजरेखालून घातले आणि माझा चहा तसाच निवला. विमान मालदीवच्या मालेला पोचते संध्याकाळी पावणेपाचला, आणि रिसॉर्टने पाठवलेल्या पत्रात स्वच्छ लिहिले आहे की, साडेतीननंतर उतरणाऱ्या पाहुण्यांना रिसॉर्टच्या बेटावर नेणारे त्या दिवशीचे सीप्लेन मिळणार नाही. म्हणजे नऊ घरांनी मिळून पाण्यावरच्या बंगल्याच्या ज्या दोन रात्री आहेर म्हणून दिल्या, त्यांतली पहिली रात्र मुलांनी विमानतळाच्या बाकावर काढायची का? हे तिकीट कोणी काढून दिले ते मी लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहे.

बंडूदादा (पुणे), रात्री ९:१९
मंदाआत्या, नाव घेतले असतेत तरी माझी हरकत नव्हती. याच एजंटाने या ग्रुपवरच्या पाच घरांना वैष्णोदेवीची तिकिटे ऐन मे महिन्यात मिळवून दिली, तेव्हा तो देवमाणूस होता. सकाळच्या विमानाला माणशी साडेचार हजार रुपये जास्त पडत होते आणि ‘जितके स्वस्त होईल तितके बघा’ असे मला लेखी सांगण्यात आले होते. कोणी सांगितले ते मीही लिहीत नाही.

भाऊकाका (नाशिक), रात्री ९:२२
आपल्या देशाचे लक्षद्वीप असताना परक्या बेटावर डॉलर उधळण्याचे प्रयोजन काय, हा माझा प्रश्न लग्नाच्या याद्या झाल्या त्या दिवसापासून अनुत्तरित आहे.

केतकी (बंगळूर), रात्री ९:३१
आत्या, बाकावर कोणी झोपत नाही. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते, कारण वैमानिकाला लाटा डोळ्यांनी पाहून पाण्यावर उतरायचे असते आणि समुद्रात धावपट्टीचे दिवे नसतात. त्यामुळे उशिरा पोचणारे लोक ती रात्र माले शहरात किंवा विमानतळाला रस्त्याने जोडलेल्या हुलहुमाले बेटावर काढतात आणि सकाळी पुढे जातात. मालेजवळच्या बेटांना स्पीडबोट रात्रीही जाते, परंतु यांचे रिसॉर्ट बा अटोल या प्रवाळ बेटांच्या समूहात, बरेच उत्तरेला आहे. मात्र गेलेल्या रात्रीचे पैसे रिसॉर्ट परत करत नाही, हे आत्यांचे म्हणणे खरे आहे.

मंदाआत्या (ठाणे), रात्री ९:३३
माझे म्हणणे खरे आहे, एवढेच वाक्य बंडूने दोनदा वाचावे.

अप्पाकाका (सांगली), रात्री ९:४७
पैशाचा विषय निघालाच आहे, म्हणून हिशेब मांडून ठेवतो. रिसॉर्टच्या दरापुढे अधिकची जी दोन चिन्हे छापलेली असतात, ती नक्षी नव्हे. एक चिन्ह दहा टक्के सेवा आकाराचे आणि दुसरे पर्यटनावरील जीएसटीचे, जो १ जुलै २०२५ पासून १६ टक्क्यांवरून १७ टक्के झाला आहे. आणि हा कर सेवा आकार मिळवून झालेल्या रकमेवर लागत असल्यामुळे, पत्रकावर शंभर डॉलर लिहिलेले जेवण हातात बिल पडते तेव्हा १२८ डॉलर ७० सेंटांचे झालेले असते. शिवाय हरित कर निराळा. रिसॉर्टमध्ये तो २०२४ अखेरपर्यंत माणशी दिवसाला ६ डॉलर होता, आता १२ आहे. दोघांचे चार रात्रींचे ९६ डॉलर धरून ठेवावेत. पॅकेजवर एजंटाने घेतलेला टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला आयकर, मात्र खर्चात धरू नये, तो ओंकारच्या विवरणपत्रात वळता होईल. पावतीवर त्याचाच पॅन क्रमांक पडला आहे एवढे बंडूने पाहावे. नऊपैकी आठ घरांची वर्गणी जमा झालेली आहे, हे जाता जाता नमूद करतो.

भाऊकाका (नाशिक), रात्री ९:५०
नवव्या घराचा प्रश्न पैशाचा नसून तत्त्वाचा आहे. आपल्या देशाचे लक्षद्वीप असताना परक्या बेटावर डॉलर उधळण्याचे प्रयोजन काय?

बंडूदादा (पुणे), रात्री ९:५४
भाऊकाका, लक्षद्वीपला जायला बाहेरच्या माणसाला आधी प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. सुहेली आणि कदमत या बेटांवर पाण्यावरचे बंगले असलेली हॉटेले होणार, हे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले तेव्हा याच ग्रुपवर बातमी मीच टाकली होती आणि त्यावर आपण ‘आपल्याला काय करायचे आहे’ असे लिहिले होते.

केतकी (बंगळूर), रात्री १०:०२
मला जुने काढायचे नव्हते. तरीही २०२४ च्या जानेवारीत, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधानांविषयी वाटेल ते लिहिले आणि ते निलंबित झाले, त्या आठवड्यात भाऊकाकांच्या रोजच्या संदेशांना मान देऊन आमच्या घराने आपली तिकिटे रद्द केली होती. त्या तिकिटांचा एक रुपया परत आला नाही. पुढे २०२५ च्या जुलैत, मालदीवच्या स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली त्या सोहळ्याला स्वतः पंतप्रधानच प्रमुख पाहुणे म्हणून गेले, तेव्हा ‘आता तुम्हीही जायला हरकत नाही’ असे कोणी आम्हाला कळवले नाही. आम्ही आपले आपणच समजून घेतले आणि जाऊन आलो.

भाऊकाका (नाशिक), रात्री १०:०५
त्या वेळची गोष्ट वेगळी होती.

वसंतकाका (सातारा), रात्री १०:११
तीस वर्षे भूगोल शिकवला असल्यामुळे राहवत नाही, क्षमा असावी. पाण्यावरचे हे बंगले मुळात मालदीवचे नव्हेतच. पॅसिफिक महासागरात फ्रेंच पॉलिनेशियातील रायातेआ नावाच्या बेटावर तीन अमेरिकन तरुणांनी हॉटेल काढले होते आणि त्या बेटाला वाळूचा किनारा नव्हता. मग १९६७ साली त्यांनी खोल्याच खांबांवर उभ्या करून थेट पाण्यात नेल्या. ज्यांच्याकडे किनारा नव्हता त्यांनी अडचणीतून काढलेली ही युक्ती. मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाले ते १९७२ साली, आणि तिथे तर पायाखाली जिकडे तिकडे पांढरी वाळू आहे. अशा देशात वाळू सोडून खांबांवर राहायला लोक दुप्पट पैसे मोजतात, याची मला गंमत वाटते. ‘अटोल’ हा जगभर वापरला जाणारा शब्द मात्र त्यांच्याच दिवेही भाषेतला आहे आणि त्यांची ‘धोणी’ ही होडी व आपली डोणी या एकाच घरच्या असाव्यात, असे माझे मत आहे.

मंदाआत्या (ठाणे), रात्री १०:१४
वसंता, खांबांवर म्हणजे नेमके कसे? २००४ साली सुनामी आली तेव्हा त्या बेटांचे काय झाले होते ते आम्ही टीव्हीवर पाहिले आहे. ओंकारला पोहता येते, पण मुलीचे काय? तिच्या आईला मी काय उत्तर देऊ?

वसंतकाका (सातारा), रात्री १०:२०
ताई, २६ डिसेंबर २००४ रोजी तिथेही माणसे गेली, हे खरे आहे. समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच्या आसपास उंची असलेला तो देश आहे, तेव्हा भीती अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु रोजच्या लाटांपुरते बोलायचे तर त्या बाहेर प्रवाळाच्या कड्यावर फुटतात आणि आतल्या खाजणात पाणी आपल्या कृष्णेच्या डोहासारखे उभे असते. बंगले त्या आतल्या पाण्यात असतात.

केतकी (बंगळूर), रात्री १०:३४
आत्या, आमच्या बंगल्याखाली ओहोटीच्या वेळी कमरेइतके पाणी असे. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीत एक जाड काच बसवलेली होती. रात्री खालचा दिवा लावला की पाच मिनिटांत चांदीच्या सुयांसारखे मासे गोळा होत आणि मग त्यांच्यामागून हातभर लांबीची, पंखाला काळे टोक असलेली शार्कची पिल्ले येत. ती माणसाच्या वाटेला जात नाहीत. अडचणी म्हणाल तर त्या निराळ्या आहेत आणि त्या कोणी पत्रकात लिहीत नाही. पाण्यात उतरायच्या शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे हाताने धरूनच उतरावे लागते. खाऱ्या हवेने टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत. पहिल्या रात्री जमिनीखाली पाणी थपथप वाजत राहते आणि निम्म्या लोकांना झोप लागत नाही. आम्हाला लागली नव्हती. म्हणून माझे प्रामाणिक मत असे आहे की, आधी दोन रात्री किनाऱ्यावरच्या खोलीत राहावे आणि शेवटच्या दोन पाण्यावर घालवाव्यात. पाण्यावरून किनाऱ्यावर आले की खोली उगाच लहान वाटू लागते.

बंडूदादा (पुणे), रात्री १०:३७
म्हणजे क्रम बदलला तर विमान उशिरा पोचले तरी आहेराच्या रात्रीला धक्का लागत नाही. हे मी गेल्याच आठवड्यात सुचवणार होतो.

मंदाआत्या (ठाणे), रात्री १०:३८
सुचवणार होतास.

नीलावहिनी (नवरदेवाची आई), रात्री १०:४५
वन्सं, मीही काळजीतच आहे, पण माझी काळजी बॅगेची आहे. सीप्लेनमध्ये माणशी वीस किलोची बॅग आणि हातात पाच किलो, एवढेच चालते म्हणे. मुग्धाची बॅग आज न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली, ती सत्तावीस भरली. त्यांत चार किलो चकल्या आणि बेसनाचे लाडू आहेत आणि ते मीच भरले आहेत. दुसरे असे की, आई म्हणतात, नवी जोडी पहिल्यांदा समुद्र ओलांडते आहे, तर देवघरातला चांदीचा गणपती रुमालात बांधून सोबत द्यावा. तो तर सुपारीएवढा आहे, त्याचे वजन काही होणार नाही.

केतकी (बंगळूर), रात्री १०:४९
काकू, वजनाचा प्रश्न नाही. पूजेच्या मूर्ती आणायला मालदीवच्या कस्टम्सची मनाई आहे. दारू आणि डुकराचे मांसही नेता येत नाही आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून वेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटही नेता येत नाही, हे ओंकारच्या मित्रांनी लक्षात घ्यावे. मी मंगळसूत्र घालून गेले होते, मला कोणी हटकले नाही. आजींना माझा नमस्कार सांगा आणि गणपती घरीच असू दे. येताना समुद्रातले शिंपले आणि पोवळीही उचलून आणू नका, बाहेर काढायला बंदी आहे.

नीलावहिनी (नवरदेवाची आई), रात्री १०:५६
आईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ज्या गावाला माझा गणपती चालत नाही तिथे हे नऊ दिवसांनी जाणार आणि मला आज सांगता. आता त्या बोलत नाहीत.

भाऊकाका (नाशिक), रात्री १०:५८
लक्षद्वीपला गणपती चालला असता.

अप्पाकाका (सांगली), रात्री ११:०१
भाऊ, चालला असता हे मान्य आहे. वर्गणीचे तेवढे पाहा.

मुग्धा, रात्री ११:०९
सर्वांना नमस्कार. मला आठ दिवसांपूर्वी या ग्रुपमध्ये घेतले आहे, त्यामुळे वरचे सर्व मी वाचत होते. मध्येच बोलणे बरे दिसणार नाही म्हणून थांबले. तिकिटाची वेळ ओंकारच्या आणि माझ्या परवाच लक्षात आली होती आणि मी रिसॉर्टला लिहिले होते, त्यांचे उत्तर आज संध्याकाळी आले. बा अटोलमध्ये धारवंधू नावाच्या बेटावर साधा, धावपट्टीचा विमानतळ आहे, तिथे मालेहून अंधार पडल्यावरही देशांतर्गत विमान जाते. आम्हाला साडेसातच्या विमानात जागा मिळाली आहे आणि तिथून रिसॉर्टची बोट न्यायला येईल. येताना दिवस असेल, तेव्हा सीप्लेनने येऊ, म्हणजे वरून बेटेही दिसतील. यात खर्च वाढला नाही, थोडा कमीच झाला. केतकीताईंनी सांगितल्याप्रमाणे रात्रींचा क्रम बदलावा म्हणून आत्ताच पुन्हा लिहिले आहे.

मंदाआत्या, माझे माहेर मालवणचे आहे. मी सहावीत असल्यापासून समुद्रात पोहते आणि तारकर्लीला स्कूबाही केले आहे; ओंकारला मात्र तरणतलावाबाहेर पोहता येत नाही, त्यामुळे शिडी धरायची काळजी मी घेईन. आईंनी दिलेल्या लाडवांपैकी निम्मे आम्ही इथेच संपवतो. गणपतीबद्दल आजींशी सकाळी मी स्वतः बोलेन.

मंदाआत्या (ठाणे), रात्री ११:१३
मुग्धा, तू ग्रुपवर आहेस हे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. मी जे लिहिले ते काळजीपोटी लिहिले.

बंडूदादा (पुणे), रात्री ११:१४
मीही काळजीपोटीच स्वस्त तिकीट काढले होते.

मुग्धा, रात्री ११:१८
ते मला कळते, बंडूदादा. एक अडचण मात्र खरोखर उरली आहे. नवविवाहितांसाठी रिसॉर्टकडून पाण्यावरच्या बंगल्यात एक रात्रीचे जेवण आणि परतीच्या आधी एक सकाळची बोटीची फेरी मोफत आहे. परंतु त्यासाठी लग्न सहा महिन्यांच्या आतले असल्याचा दाखला लागतो आणि तो फोटोंवर भागत नाही. महापालिकेत आमची विवाहनोंदणी व्हायची राहिली आहे. अर्जावर गुरुजींची सही झाली आहे, साक्षीदार मात्र तीन लागतात. दोन मिळाले. तिसरे लग्नात पहिल्या रांगेत असलेले आणि परवा सकाळी पुण्यात येणारे कोण, असे विचारल्यावर आईंनी भाऊकाकांचे नाव सांगितले. काका, परवा अकराला विवाहनोंदणी कार्यालयात येऊ शकाल का? मूळ आधार कार्ड आणि त्याची एक प्रत सोबत लागेल.

भाऊकाका (नाशिक), रात्री ११:२६
अवश्य येईन, सूनबाई. माझी मते सर्वांना ठाऊक आहेत आणि ती बदललेली नाहीत. साक्षीदार म्हणून सही करताना ‘मालदीवसाठी’ असे कुठे लिहावे लागणार नसेल तर माझी हरकत नाही. आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र खाली टाकत आहे, प्रत त्यावरून काढून ठेवावी.

भाऊकाका (नाशिक), रात्री ११:२७
[छायाचित्र]

अप्पाकाका (सांगली), रात्री ११:२७
भाऊ, आधार कार्ड ग्रुपवर टाकू नये. ताबडतोब काढा.

भाऊकाका (नाशिक), रात्री ११:३४
कसे काढायचे?

मुग्धा, रात्री ११:३५
काका, छायाचित्रावर बोट दाबून धरा, वर कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह येईल, त्यात ‘सर्वांसाठी’ हा पर्याय निवडा. माझ्याकडे प्रत उतरवून घेतली आहे.

भाऊकाका (नाशिक), रात्री ११:४१
हा संदेश हटवण्यात आला आहे.