विनिपेगला जानेवारीत जातोय, जॅकेट पुण्यातच घ्यावं का?

मृण्मयी_कोथरूड: नवऱ्याची बदली कॅनडातल्या विनिपेगला झालीये. जानेवारीत पोचू, सोबत सहा वर्षांची लेक. सासूबाईंनी लोकरीचे स्वेटर विणून ठेवलेत आणि दुकानदार ‘हिमालयात चालतं’ म्हणून एक महागडं जॅकेट गळ्यात मारतोय. घ्यावं का? तिकडे घराबाहेर पडता तरी येतं का हो?

प्रेअरीकर: जॅकेट नका घेऊ. उणे तीसचं जॅकेट इथेच चांगलं मिळतं, सेकंडहँडसुद्धा. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला गाडीत जादा कोट टाकून आणायला सांगा. स्वेटर मात्र नक्की आणा, लोकरीला तोड नाही. आतून सुती बनियन नको. घाम धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. मोजे दोन-दोन चढवू नका. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही, पाय उलट जास्त गारठतात.

लेकीला बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घ्या. चार बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते. दोन्ही मिटन दोरीने जोडून दोरी कोटाच्या बाह्यांतून ओवा, नाहीतर आठवड्याला एक हरवेल. शाळेत स्नोपँट लागतेच, कारण मधल्या सुट्टीत पोरांना बाहेर काढतात. फारच गारठा असेल तरच वर्गात.

तापमानापेक्षा विंडचिल बघा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला प्रत्यक्ष जाणवणारी थंडी. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. नाक-कान पांढरे पडून बधिर झाले तर चोळू नका, आत येऊन हळूहळू ऊब द्या.

घर बघताना पार्किंगमध्ये प्लग आहे ना, ते आधी विचारा. इथल्या गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबताना दिसेल, ती ब्लॉक हीटरची. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरी मान टाकते. निघायच्या तीन-चार तास आधी इंजिन गरम करायला लावायचं. टायमर बसवा, रात्रभर वीज कशाला जाळायची?

बाकी शहर थांबत नाही. डाउनटाउनमध्ये इमारती बंदिस्त पुलांनी जोडल्यात, गोठलेल्या नदीवर लोक स्केटिंग करतात. ऊनही लख्ख पडतं. त्याला भुलून टोपी विसरू नका, एवढंच.

इंडस_काठी: मी लेहला होतो. तिथे रात्री नळ रिकामे करून झोपायचो, नाहीतर पाइप फुटायचे. विनिपेगला पण करावं लागतं का?

प्रेअरीकर: नाही, इथे फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, चोवीस तास चालू. पण जोरात बर्फ पडला की फर्नेसचा बाहेरचा पाइप मोकळा करायचा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, त्यामुळे अलार्म हवाच.

मृण्मयी_कोथरूड: जॅकेट रद्द! हवा कोरडी असते म्हणे, लेकीचा घोळणा फुटतो.

प्रेअरीकर: भयंकर कोरडी. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर घ्या, झोपताना नाकात व्हॅसलीनचं बोट फिरवा. कुकरच्या शिट्ट्या बिनधास्त होऊ द्या, तेवढीच वाफ. फक्त काचेवर आतून बर्फ धरायला लागला की ह्युमिडिफायर कमी करा.