ड्यू डेटला ‘देय तारीख’? आणि एस्टिमेटला काय म्हणायचं?

कोथरूडकर: आमच्याकडे कामं वाटायच्या सॉफ्टवेअरचं मराठी करणं चाललंय. ड्यू डेटला कुणीतरी ‘देय तारीख’ टाकलंय, वाचलं की विजेचं बिल भरायचं राहिलंय असं वाटतं. एस्टिमेट, ड्युरेशन, स्लॅक (काम किती रेंगाळलं तरी चालेल ती मोकळीक) यांना तुम्ही काय वापरता?

अर्धवट_कोडर: ‘मुदत’ घ्या ना सरळ. मुदत कुणीतरी घालून दिलेली असते, म्हणून तर मुदतवाढ मागता येते. अंदाजाला वाढ कोण मागतं, तो चुकतो फक्त. आणि हे दोन्ही एकाच खान्यात टाकू नका हो, टीमने ‘१५ पर्यंत व्हावं’ म्हटलं की साहेबांच्या स्क्रीनवर १५ ही मुदत होऊन बसते आणि मग १६ तारखेला मीटिंग!! मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेडलाइनच्या खान्यात तारीख टाकली तरी काम जागचं हलत नाही, चार्टवर नुसता बाण येतो. आणि कालावधी पक्का नसेल तर आकड्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह लावतात, ‘१ दिवस?’ असं. मला ते फार आवडतं, अगदी आपल्या बोलण्यासारखं.

निवृत्त ओव्हरसियर: सांभाळून. आमच्या बांधकाम खात्यात एस्टिमेट म्हणजे पैशाचं अंदाजपत्रक, दिवसांचं नाही. ठेकेदार तुमचा ‘अंदाज’ वाचून रक्कम भरेल. ‘लागणारा वेळ’ असं लिहा. ड्युरेशनला ‘कालावधी’ ठीक, पण काम वेगळं मोजा. दोघं जण तीन दिवस, तर कालावधी ३ दिवस आणि काम ६ मनुष्यदिन. हा शब्द रोजगार हमीवाल्यांना तोंडपाठ आहे.

कोथरूडकर: आणि एकच आकडा न देता तीन द्यायचे असतील तर? पर्टसारखे?

अर्धवट_कोडर: पर्ट म्हणजे तीन अंदाजांवरून वेळ काढायचं तंत्र, १९५८ चं, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी काढलेलं. तिन्ही खान्यांना मी ‘सुरळीत झालं तर’, ‘नेहमीसारखं झालं तर’ आणि ‘वाट लागली तर’ म्हणतो, तिसरं क्लायंटला दाखवताना बदला 😄 मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागायचं. ४, ६, १४ दिवस असतील तर (४ + २४ + १४) ÷ ६ = ७. म्हणजे नेहमीच्या ६ पेक्षा जास्तच, कारण वाट लागायला जागा जास्त असते. या ७ ला ‘अदमास’ म्हणा.

कोथरूडकर: अदमास नव्या पोरांना कळेल?

निवृत्त ओव्हरसियर: कळेल की, वापरलात तर. आणि स्लॅकला ‘सवड’. ‘अजून अवकाश आहे’ असंही आपण म्हणतो, पण हल्ली अवकाश म्हटलं की इस्रो डोळ्यापुढे येतं. सवडच बरी. ज्या कामांना सवड शून्य त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ, तिथलं एक काम दिवसभर रेंगाळलं की सगळ्या प्रकल्पाची शेवटची तारीख एक दिवस पुढे. बाकीची कामं सवडीपुरती रेंगाळली तरी चालतं.

कोथरूडकर: मस्त, सवड घेतली. मग ओव्हरड्यूला ‘थकीत’?

अर्धवट_कोडर: नको, पतसंस्थेची नोटीस वाटेल. ‘मुदत उलटली’, पुढे ‘३ दिवस’ असा आकडा.